घरच्या ट्रॅकमधली किक

हाउस संगीताचा ठेका कागदावर दोन ओळींत मावतो. मिनिटाला 120 ते 128 ठोके. चारही ठोक्यांवर किक, दुसऱ्या आणि चौथ्यावर क्लॅप, दोन ठोक्यांच्या मधोमध उघडी हाय-हॅट. 1980 च्या दशकात शिकागोत हा ठेका रुळला तो मुख्यतः रोलँड कंपनीच्या दोन ड्रम मशीनवर: 1980 ची टीआर-808 आणि 1983 ची टीआर-909. दोन्ही यंत्रे बाजारात फारशी चालली नाहीत आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. गरीब पोरांच्या हाती लागली ती त्यामुळेच. (मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच 808 च्या ठेक्यावर राग वाजवून रेकॉर्ड केली होती, पण तेव्हा तिची दखल कोणी घेतली नाही.) आज या यंत्रांचे आवाज सॅम्पलच्या रूपात कोणत्याही लॅपटॉपवर येतात. कच्चा माल नामांकित निर्मात्याकडे आणि घरी काम करणाऱ्याकडे जवळजवळ सारखाच असतो.

तरीही घरच्या ट्रॅकमधली किक बहुतेकदा एकतर पोचट वाटते किंवा घुमते. किक म्हणजे उंचावरून झपाट्याने खाली घसरणारा एक स्वर. सुरुवातीची टिचकी साधारण 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये असते, आणि मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ तेवढीच ऐकू येते. 100 ते 200 हर्ट्झच्या पट्ट्यात तिचे अंग असते, आणि छातीवर आदळणारी शेपटी 45 ते 60 हर्ट्झच्या आसपास. नवशिका यातले काही कमी पडले की दुसरी किक वर चढवतो, मग तिसरी. 50 हर्ट्झच्या लहरीचे अर्धे आवर्तन 10 मिलिसेकंदांचे असते. दोन किकच्या शेपट्या तेवढ्या मागेपुढे पडल्या तर एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि खर्ज वाढण्याऐवजी नाहीसा होतो. म्हणून जाणकार एकच किक निवडून घेतात आणि गरज पडली तर दुसरीची फक्त टिचकी वापरतात, खालचा सगळा भाग ईक्यूने कापून. निवडीत घालवलेला तास पुढच्या दहा प्लगइनपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

या शेपटीला स्वर असतो. मंद्रातला एफ सुमारे 43.7 हर्ट्झ, जी 49, ए 55. गायकाचा षड्ज ठरल्याशिवाय तबलजी तबला लावत नाही, त्याच न्यायाने ट्रॅकची पट्टी ठरल्यावर किक थोडी वरखाली करून बेसशी जुळवावी लागते. लांबीचेही तसेच. 125 च्या लयीत एक ठोका 480 मिलिसेकंदांचा. शेपटी 400 पर्यंत रेंगाळली तर बेसला बोलायला जागाच उरत नाही. गोवा ट्रान्समध्ये तर 145 च्या आसपासच्या लयीत दोन किकच्या मध्ये बेसचे तीन स्वर येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 103 मिलिसेकंद पडतात. तिथली किक आखूड आणि कोरडी असते ती या हिशेबामुळे. एवढे करूनही टक्कर होत असेल तर साइडचेन: किक वाजताच कॉम्प्रेसर बेसला क्षणभर खाली दाबतो आणि पुढच्या ठोक्याआधी सोडतो.

हाय-हॅटचा प्रश्न वेळेचा आहे. 125 च्या लयीत ठोक्याचा चौथा भाग 120 मिलिसेकंदांचा. स्विंग 54 टक्के केला की दर दुसरी हॅट जेमतेम 10 मिलिसेकंद उशिरा पडते, आणि ठेका डुलायला लागतो. रॉजर लिन यांच्या ड्रम मशीनमधून रुळलेली ही सोय आता सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. शिवाय सगळ्या हॅट सारख्याच जोराने वाजल्या तर कान दोन मिनिटांत थकतो. काही हलक्या हव्यात. क्लॅपला थोडा रिव्हर्ब चालतो, मात्र त्या रिव्हर्बमधला 300 हर्ट्झखालचा भाग कापलेला बरा.

सगळे ड्रम एका बसमध्ये घालून त्यावर हलका कॉम्प्रेसर लावतात: अटॅक 30 मिलिसेकंद, म्हणजे ठोक्याचे टोक सहीसलामत निसटते, आणि दाब दोन डेसिबलपेक्षा जास्त नाही. त्याहून जास्त दाबले की ठेका मोठा झाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तो चपटा होतो.

यापुढची अडचण खोलीची. फ्लॅटमधली बेडरूम दहा-बारा फुटांची असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये बारा फूट अंतर असेल तर सुमारे 47 हर्ट्झला आणि दहा फूट असेल तर 56 हर्ट्झला अनुनाद होतो, म्हणजे नेमका किकच्या शेपटीवर. खोलीच्या मधोमध बसणाऱ्याला ती वारंवारता जवळजवळ ऐकूच येत नाही, भिंतीला टेकून बसणाऱ्याला ती दुप्पट वाटते. पहिला किक वाढवत राहतो आणि ट्रॅक गाडीत लावला की दरवाजे थरथरतात. भिंतीवर चिकटवलेला पातळ फोम इथे काही कामाचा नाही: 50 हर्ट्झची लहर जवळपास सात मीटर लांब असते, तिला कोपऱ्यात खनिज लोकरीचे जाड थर लागतात. रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने आवाज बारीक ठेवला तर आणखी घोळ होतो, कारण कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो.

यावर स्वस्त उपाय दोनच. चांगल्या हेडफोनवर खर्ज तपासणे, आणि त्याच शैलीतला प्रसिद्ध झालेला ट्रॅक शेजारी लावून पाहणे. तो मास्टर झालेला असल्याने बराच मोठ्याने वाजतो. दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका तो आधी खाली आणावा लागतो, नाहीतर मोठा तोच चांगला वाटतो. शेवटी सगळा मिक्स मोनोमध्ये ऐकावा. क्लबचे सबवूफर बहुतेक ठिकाणी मोनोच चालतात, त्यामुळे 100 हर्ट्झखाली डावे-उजवे वेगळे ठेवलेले काहीही तिथे एकमेकांना खाऊन टाकू शकते. मिक्सचे शिखर उणे 6 डेसिबलच्या आसपास ठेवले तर मास्टरिंग करणाऱ्याला हात फिरवायला जागा राहते.