बास गिटारची घरघर : दोष कोठे आणि उपाय कोणता?

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान प्रसिद्ध केले. पाइप ऑर्गनचे मानाचे स्थान कायम ठेवून उपासनेला साजेशा अन्य वाद्यांनाही त्यात वाव देण्यात आला, आणि योग्य क्षणी पवित्र मौन पाळावे असेही सांगण्यात आले. आज हार्मोनियम, तबला व कीबोर्ड यांच्या जोडीला बास गिटारही अनेक गायकवृंदांत आली आहे. तिच्या खर्जामुळे गायनाला भक्कम आधार मिळतो. परंतु गीत संपून मंदिरात शांतता पसरली की स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ किंवा ‘स्स्स्’ असा आवाज सतत येत राहतो. गायन चालू असताना तो झाकला जातो. मौनाच्या वेळी मात्र तोच सर्वांच्या कानी पडतो.

देवरी तालुक्यातील चिचगड हे गोंदिया जिल्ह्याच्या वनपट्ट्यातील गाव. अशा ठिकाणी ध्वनियंत्रणेचा जाणकार हाकेच्या अंतरावर नसतो; दुरुस्तीसाठी बहुधा देवरी वा गोंदिया गाठावे लागते. म्हणूनच हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल की बहुतेक वेळा दोष कोठे आहे ते अ‍ॅम्प्लिफायर न उघडता, केवळ कान आणि थोडा धीर यांच्या साहाय्याने समजू शकते.

आवाजाची ओळख

प्रथम हमिंग आणि हिस यांतील भेद लक्षात घ्यावा. हमिंग हा खोल, एकसुरी आवाज असतो व तो विजेच्या पुरवठ्यातून येतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. बासच्या सर्वांत जाड ‘ई’ तारेवरील तिसऱ्या फ्रेटचा स्वर ४९ आवर्तनांचा असतो. घरघर या स्वराच्या किंचित वर लागत असेल, तर वीजवाहिनी किंवा ट्रान्सफॉर्मर यांचा प्रभाव गिटारवर वा केबलवर पडत आहे, किंवा अर्थिंगमध्ये दोष आहे, असे समजावे. सर्वांत बारीक ‘जी’ तार मोकळी छेडली असता ९८ आवर्तनांचा स्वर निघतो. घरघर त्याच्या किंचित वर, म्हणजे १०० आवर्तनांची असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या आतील वीजपुरवठ्याच्या भागाकडे संशयाची सुई वळते. हिसला असा स्वर नसतो. पावसाच्या सरीसारखा तो सर्वत्र पसरलेला असतो.

दोष शोधण्याचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदलावी व मग कान द्यावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज कशामुळे थांबला ते कळत नाही.

१. अ‍ॅम्प्लिफायरचा मास्टर व्हॉल्यूम शून्यावर आणावा. तरीही घरघर कायम राहिली, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आत आहे. पुष्कळदा जुने झालेले फिल्टर कपॅसिटर त्याला कारण असतात. ते काम तंत्रज्ञाचेच होय. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो, म्हणून मागचे झाकण आपण उघडू नये.

२. मास्टर पूर्ववत करून गिटारची केबल अ‍ॅम्प्लिफायरमधून काढावी. आवाज थांबला, तर दोष केबल, गिटार किंवा आसपासच्या परिसरात आहे.

३. केबल पुन्हा जोडून गिटारवरील व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. आवाज चालूच राहिला, तर केबल बदलून पाहावी. जॅकपाशी तुटलेली जाळी हा नेहमीचा दोष आहे.

४. आवाज थांबला असेल, तर व्हॉल्यूम पुन्हा वाढवून वादकाने जागेवरच हळूहळू वळावे. दिशेनुसार घरघर कमीजास्त झाली, तर पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र टिपत आहे. अ‍ॅम्प्लिफायरपासून दोन पावले दूर उभे राहिल्यानेही फरक पडतो. ट्यूबलाइट, पंख्याचे रेग्युलेटर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करून पाहावेत.

गिटारचा प्रकारही येथे महत्त्वाचा ठरतो. एका वेटोळ्याचा पिकअप अशी घरघर सहज टिपतो. फेंडर कंपनीने १९५१ साली आणलेल्या प्रिसिजन बासला आरंभी असाच पिकअप होता. १९५७ साली तो दोन भागांत विभागला गेला व दोन्ही भागांतील घरघर परस्परांना छेदू लागली. जॅझ बास धर्तीच्या गिटारमध्ये दोन पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवले तर घरघर मावळते. एक कमी केला की ती परत येते. ही युक्ती विनाखर्चाची आहे.

दोन प्लगांमधील गुंता

कधी कधी गिटार एकटी वाजवली असता शांत असते, पण अ‍ॅम्प्लिफायरची लाइन मिक्सरला जोडताच घरघर सुरू होते. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग वेदीच्या बाजूच्या सॉकेटमध्ये आणि मिक्सरचा प्लग मागील भिंतीवर असेल, तर दोन्हींचे अर्थिंग तंतोतंत समान पातळीवर नसते. सिग्नल केबलच्या जाळीमधून त्यांच्यात सूक्ष्म प्रवाह वाहू लागतो व तोच घरघरीच्या रूपाने ऐकू येतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन्ही उपकरणे एकाच सॉकेटवरील चांगल्या थ्री-पिन बोर्डावर जोडावीत. तसे शक्य नसल्यास ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स मध्ये बसवून त्याचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबावे. हे बटण केवळ सिग्नल केबलची जाळी तोडते. विजेच्या अर्थिंगला ते हात लावत नाही.

अर्थिंगची पिन तोडू नये

हा भेद ध्यानात न आल्यामुळे अनेक ठिकाणी एक घातक उपाय केला जातो : प्लगची वरची जाड पिन काढून टाकली जाते किंवा टू-पिन अ‍ॅडॉप्टर लावला जातो. घरघर खरोखरच थांबते; मात्र तिच्याबरोबर वादकाचे संरक्षणही जाते. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. आत फेजची तार सांगाड्याला टेकली, तर अर्थिंगअभावी २३० व्होल्टचा दाब थेट तारांवर येतो. मायक्रोफोनची जाळी मिक्सरमार्फत जमिनीशी जोडलेली असते. वादकाचे हात तारांवर असताना ओठ मायक्रोफोनला लागले, की प्रवाहाला त्याच्या देहातून वाट मिळते. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे, रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मृत्युमुखी पडला. तारांना हात लावताच घरघर वाढत असेल किंवा मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर वाजवणे तत्काळ थांबवून मुख्य स्विच बंद करावा. हात लावल्यावर आवाज कमी होणे मात्र सर्वसाधारण आहे.

जुन्या इमारतींत सॉकेटला तीन छिद्रे असतात, पण मागे हिरवी तार जोडलेलीच नसते. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक सॉकेट मीटरने तपासून घ्यावा. फेज व अर्थ यांच्यातील दाब फेज-न्यूट्रलच्या जवळपास असावा आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात तो अगदी अल्प असावा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. पुनरुत्थानाचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो, म्हणजे नेमका याच दिवसांत. त्याआधी खड्ड्यात पाणी घालून तपासणी करून घ्यावी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असल्यास अधिक उत्तम.

हिस, इन्व्हर्टर आणि मोबाइल

हिस पूर्णपणे नाहीशी करता येत नाही. कोणत्याही रोधकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात व त्यातूनच ती जन्मते. जॉन्सन व नायक्विस्ट या शास्त्रज्ञांनी १९२८ साली हे दाखवून दिले. ती कमी मात्र करता येते. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवावा, इनपुट गेन आवाज फाटणार नाही इतपत वाढवावा आणि मास्टर गरजेपुरताच ठेवावा. बासच्या खर्जाला अतिउंच स्वरांची फारशी गरज नसते, म्हणून ट्रेबल किंवा हॉर्न कमी केल्याने गायनाची हानी होत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या बासमधील नऊ व्होल्टची बॅटरी वेळेवर बदलावी.

वीज गेल्यानंतरच घरघर वाढत असेल, तर इन्व्हर्टर तपासावा. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरींची असते. साइन वेव्ह इन्व्हर्टरने हा त्रास टळतो. अधूनमधून येणारी ‘टरर्-टरर्’ ही बहुधा मोबाइलची असते. टू-जी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे ठोके पाठवतो व केबल ते पकडते. फोन बंद करून दूर ठेवणे हाच त्यावर उपाय, आणि मिस्सावेळी तो तसाही बंदच असावा.

गायकवृंदातील तरुणांनी हा क्रम सणाच्या दिवशी नव्हे, तर आदल्या आठवड्यातील सरावाच्या वेळी पार पाडावा. कोणती केबल कोठे जोडली होती व कोणता सॉकेट निर्दोष आढळला, याची नोंद वहीत ठेवावी. पुढील वेळी तेवढाच शोध वाचतो. आणि तपासणी करताना कोणत्याही प्लगची जाड पिन काढलेली आढळली, तर तो प्लग बदलेपर्यंत ते उपकरण वापरू नये.