चालता संगणक भंगारात कशाला?

ऊर्जानगर : आपल्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1983 साली सुरू झाला. पुढे तो थकला आणि निवृत्त झाला. थकल्या यंत्राला रजा द्यावी, हे कोणालाही पटते. पण चांगले चालते यंत्रच बाद ठरले तर? विंडोज 10 वर चालणाऱ्या संगणकांवर तीच पाळी आली आहे. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली.

"चालू हाय ना? मंग बदलवता कायले?" हा प्रश्न रास्त आहे. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. मात्र प्रणालीत नवे दोष सापडले की कंपनी मोफत दुरुस्ती पाठवायची, ती थांबली. शेताला कुंपण आहे, पण मोडलेली काटी बदलणारा नाही; मग रानडुकराला वाट सापडायला किती वेळ? सेवा केंद्राच्या संगणकात तुमचे आधार, पासबुक, सातबारा असतो. चोरी झाली तर नुकसान तुमचेही आहे.

विंडोज 11 टाकावे म्हटले, तर त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारण 2018 नंतरचा प्रोसेसर लागतो. जुना संगणक तिथेच अडतो. घरगुती संगणकांसाठी नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव मुदत ठेवण्यात आली, पण तो तात्पुरता इलाज.

दुसरी वाट लिनक्सची. ही प्रणाली फुकट मिळते. सी-डॅकने तयार केलेल्या 'बॉस' लिनक्समध्ये मराठीचीही सोय आहे. शाळेतले लेखन, इंटरनेट, हिशेब यांना ती पुरते. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. प्रिंटर आणि अंगठ्याचे यंत्र चालते का, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर नीट दिसतो का, हे तपासा. सर्व फायलींची प्रत काढल्याशिवाय मूळ प्रणाली पुसू नका.

तरीही संगणक टाकायचाच असेल, तर हार्ड डिस्क आधी काढून घ्या. फायली नुसत्या 'डिलीट' केल्याने माहिती जात नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. तांब्यासाठी तारा जाळल्या की विषारी धूर निघतो, जुन्या सुट्या भागांत शिसेही असते. धूर आणि राख ऊर्जानगरला नवी नाही. त्यात आपल्या हाताने भर कशाला?