बेवारशी कोंबडी आणि तिचे नवे घर

बंगळूर शहर पसरत गेले तसतशी भोवतालची अनेक खेडी त्याच्या पोटात सामावली. उंच इमारतींच्या पाठीमागे अशा खेड्यातील एखादी गल्ली अद्याप शिल्लक असते आणि तेथे दारापुढची माती उकरीत फिरणारी कोंबडीही दृष्टीस पडते. कन्नड भाषेत गावठी कोंबडीला 'नाटी कोळी' म्हणतात. हा शब्द प्रथम ऐकणाऱ्या मराठी मनुष्यास होडी आणि जाळे आठवले तर नवल नाही. परंतु कन्नडमधील 'कोळी' म्हणजे कोंबडीच होय. या गावठी कोंबड्यांखेरीज शहरात अन्य प्रकारच्याही कोंबड्या अधूनमधून निराधार स्थितीत सापडतात. एखादी बाजाराकडे जाणाऱ्या वाहनातून निसटलेली असते, तर एखादी हौसेने आणून पुढे नकोशी झाल्यामुळे सोडून दिलेली असते. कोणी दयाळू मनुष्य तिला उचलतो, घरी आणतो, परसातील आपल्या चार कोंबड्यांत सोडतो आणि एका जीवाला आसरा दिल्याचे समाधान मानतो. वस्तुतः त्याच्या जबाबदारीचा कठीण भाग तेथून पुढे सुरू होतो. घाईने केलेल्या या दयेपायी नवी कोंबडी आणि घरच्या जुन्या कोंबड्या, दोन्ही पंधरा दिवसांत मरून गेल्या असे घडू शकते.

प्रथम ती खरोखरच बेवारशी आहे काय, हे पाहावे. गावठी कोंबडी दिवसभर वाटेल तेथे चरते, पण तिन्हीसांजेला आपल्या खुराड्याकडे परतते. तेव्हा दिवसा एकटी दिसली एवढ्यावरून तिला अनाथ ठरवू नये, शेजारीपाजारी विचारावे. दिवेलागणीनंतरही ती झुडपाखाली किंवा भिंतीच्या वळचणीला बसून राहिली तर तिला घर नाही, असे समजण्यास हरकत नाही. पकडण्याची योग्य वेळही हीच. कोंबडीला दिवसा रंग उत्तम दिसतात; मनुष्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींचे तीन प्रकार असतात, तर तिच्या डोळ्यात चार असतात. अंधारात मात्र तिला फारसे दिसत नाही व ती स्वस्थ बसते. अंगावर जाडसर कापड टाकावे, दोन्ही पंख अंगाशी हळुवार दाबून धरावे आणि भोके पाडलेल्या खोक्यात तिला ठेवावे. पाय बांधून उलटी टांगून नेण्याची रीत बाजारात सर्रास दिसते. पक्ष्याच्या शरीरात आपल्यासारखा श्वासपटल नसतो. उलटे टांगल्यावर पोटातील इंद्रियांचा भार वायुकोशांवर पडतो आणि त्याला श्वास घेणे जड जाते. प्राण्यांना अनावश्यक यातना होतील अशा रीतीने नेणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

घरी आणलेली कोंबडी कोणत्या जातकुळीची आहे यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. गावठी कोंबडी चपळ असते, झाडावर चढून बसते आणि शत्रूची चाहूल ओळखते. पांढऱ्या पिसांची, मोठ्या लोंबत्या तुऱ्याची कोंबडी बहुधा अंड्यांसाठी पिंजऱ्यात वाढविलेली असते. तिने जमीन, ऊन आणि दांडी यांपैकी काहीच पाहिलेले नसते. तिच्या चोचीचे टोक लहानपणीच कापलेले असण्याचा संभव असतो आणि त्यामुळे फरशीवरचे सुटे दाणे तिला नीट उचलता येत नाहीत; खोल भांड्यात ओलसर भरडा दिला तर मात्र ती व्यवस्थित खाते. दीड-पावणेदोन वर्षे सतत अंडी दिल्यामुळे तिची हाडे ठिसूळ झालेली असतात. उंच दांडीवरून मारलेल्या एका उडीत तिच्या छातीचे हाड मोडू शकते, म्हणून तिची पहिली दांडी जमिनीपासून वीतभरच उंच असावी. तिसरा प्रकार मांसासाठी झपाट्याने वाढविलेल्या पक्ष्याचा. त्याचे शरीर सहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरात जाते. पाय व हृदय यांना तो भार पेलत नाही. त्याला पोटभर खाऊ घालणे हीच निर्दयता ठरते. त्याचा आहार मोजूनमापूनच दिला पाहिजे, आणि इतके करूनही तो फार वर्षे जगेल असे मानू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रस्त्यावरून आलेली कोंबडी एकटी येत नाही. तिच्याबरोबर न दिसणारे पाहुणे येतात. त्यांतील सर्वांत भयंकर पाहुणा म्हणजे मानमोडीचा विषाणू. या रोगाची भारतातील पहिली नोंद १९२७ च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे झाली, म्हणून आपल्या देशात त्याला 'राणीखेत' हे नाव पडले. इतरत्र त्याला न्यूकॅसल या इंग्रज शहराचे नाव आहे. रोगी पक्षी चोच उघडून धापा टाकतो, हिरवट हगतो आणि पुढे त्याची मान पिळवटते. लस न टोचलेल्या कळपात हा रोग शिरला तर बहुतेक सर्व कोंबड्या दगावू शकतात. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः पाच-सहा दिवस जातात, पण कधी कधी हा काळ पंधरा दिवसांपर्यंत लांबतो. आणलेल्या दिवशी कोंबडी टवटवीत दिसली तरी त्यावर विसंबता येत नाही, ते याच कारणाने.

यावर उपाय एकच: विलगीकरण. निदान तीस दिवस नव्या कोंबडीला जुन्या कोंबड्यांपासून शक्य तितके दूर, वारा त्यांच्याकडे वाहणार नाही अशा बाजूस ठेवावे. तिची भांडी निराळी असावीत. रोज प्रथम घरच्या कोंबड्यांचे दाणापाणी करावे, त्यानंतर तिचे. मग हात साबणाने धुवावेत आणि तेथे घालावयाची पादत्राणे तेथेच ठेवावीत. रोग पसरविण्यात मनुष्याच्या वहाणांचा वाटा कोंबडीच्या पायांहून कमी नसतो. तरीही हा उपाय अगदी अभेद्य नाही, कारण रोगातून उठलेला पक्षी काही काळ विषाणू बाहेर टाकीत राहू शकतो. म्हणून घरच्या कोंबड्यांना आधीच लस टोचलेली असणे इष्ट होय. मुक्तेश्वर येथील संशोधनातून १९४० च्या दशकात पुढे आलेली लस भारतात दीर्घकाळ वापरात आहे. परंतु ती प्रौढ व धडधाकट पक्ष्यांसाठी असून अशक्त कोंबडीला ती सोसत नाही. नव्या कोंबडीला कोणती लस केव्हा द्यावी, हे पशुवैद्यानेच ठरवावे. बंगळुरातील हेब्बाळ येथे १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेव्हा सल्ल्याची सोय त्या शहरात तरी दुर्मिळ नाही.

या तीस दिवसांत निरीक्षण हेच मोठे काम. कोंबडीच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी लागली पाहिजे. सकाळीही ती टणक किंवा पाण्याने थलथलीत लागली तर पचनात बिघाड आहे. विष्ठेवरचा पांढरा थर पाहून घाबरू नये; पक्ष्याचे मूत्रच त्या रूपाने बाहेर पडते. रक्तमिश्रित विष्ठा मात्र रक्ती हगवणीची खूण असून तिला त्वरित उपचार लागतो. गुदद्वाराजवळची पिसे बाजूला सारून उवा पाहाव्यात. पायावरचे खवले उचलून खडबडीत झाले असतील तर त्यांखाली सूक्ष्म किडे घर करून असतात. तांबडे बारीक किडे मात्र दिवसा अंगावर सापडत नाहीत. ते दांडीच्या फटीत लपतात व रात्री बाहेर येऊन रक्त शोषतात. म्हणून दिवा घेऊन रात्री दांडीची खालची बाजू तपासावी.

येथेच बर्ड फ्लूचा उल्लेख करणे अवश्य आहे. भारतातील कोंबड्यांत हा रोग प्रथम २००६ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील नवापूर येथे आढळला. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील सरकारी कुक्कुटकेंद्रातही २०१२ साली त्याचा प्रादुर्भाव होऊन पक्षी नष्ट करावे लागले होते. जाणकारांच्या देखरेखीखालील केंद्राची ही कथा, मग घरच्या परसाने निर्धास्त कसे राहावे? परिसरात पक्षी एकाएकी मरू लागले असतील तर रस्त्यावरची कोंबडी मुळीच उचलू नये. मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय खात्यास कळवावे.

विलगीकरणाचा काळ चालू असतानाच कायमचे खुराडे सिद्ध करता येते. पूर्वी खेड्यात रात्री कोंबड्या डालत, म्हणजे त्यांवर मोठी पाटी उपडी घालीत. घर जागते असेल तोवर एवढे पुरते. परंतु शहरातील परसात रात्री मोकाट कुत्री, मांजरे, उदमांजर व घूस यांचा संचार असतो आणि दिवसा घार डोक्यावर घिरट्या घालीत असते. बाजारात 'कोंबडीची जाळी' म्हणून मिळणारी पातळ षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवीत नाही. अर्धा इंच घराची, सांधे जोडलेली चौकोनी तारेची जाळी घ्यावी आणि घूस खालून बीळ करते म्हणून ती निदान एक फूट जमिनीत गाडावी. हवा खेळण्याच्या जागा दांडीच्या वरच्या बाजूस असाव्यात, म्हणजे पावसाचा झोत व वारा थेट अंगावर येणार नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील थंडी वा ऊन कोंबडीला सहसा जाचत नाही. ओल मात्र जाचते, कारण तेथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपतो न संपतो तोच ऑक्टोबरची सर येते. तळाशी भाताचे तूस अंथरावे व ते भिजले की बदलावे. एका कोपऱ्यात छपराखाली कोरडी माती व राख ठेवावी. कोंबडी त्यात लोळून पिसे स्वच्छ करते. पिंजऱ्यातून आलेली कोंबडीही हे कोणी न शिकविता करू लागते.

आहाराविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाचणी ही कर्नाटकाची आवडती. तिच्यात चुना भरपूर, म्हणून कोंबडीला नाचणी घातली की पुरे, असे काही लोक समजतात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे एक-तृतीयांश ग्रॅम कॅल्शियम असते. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते आणि खाल्लेले सारेच अंगी लागत नसल्यामुळे अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज चार ग्रॅमांच्या आसपास लागते. दिवसभर केवळ नाचणी खाऊन ही तूट भरून निघणे अशक्य होय. उरलेले ती स्वतःच्या हाडांतून काढते. शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यात ठेवावा, आणि कवच बनण्याचे बरेचसे काम रात्री चालत असल्याने तो संध्याकाळी तिच्यापुढे असेलच असे पाहावे. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड कधीही घालू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मृत्युमुखी पडले होते. बंगळुरात 'बटर फ्रूट' या नावाने विकले जाणारे फळही पक्ष्यांना विषारी ठरू शकते. त्याची साल व बाठा परसात टाकू नये.

महिना सुखरूप गेला की तिची जुन्या कोंबड्यांशी गाठ घालून द्यावयाची. कोंबड्यांचा कळप हा समतेचा नमुना नव्हे. कोणी कोणाला चोच मारावी, याची उतरंड त्यांच्यात ठरलेली असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या सुमारास ती प्रथम शास्त्रीय रीतीने वर्णिली. प्रत्येक कोंबडी इतरांना मुख्यतः डोके व तुरा पाहून ओळखते. अपरिचित तुरा दिसला की भांडण ठरलेलेच. म्हणून पहिला आठवडाभर मध्ये जाळी ठेवून त्यांना एकमेकींना नुसते पाहू द्यावे. नंतर एका रात्री सर्व दांडीवर बसल्यावर नवीला अंधारात त्यांच्या शेजारी बसवावे आणि सकाळी लवकर जाऊन पाहावे. दाणापाणी दोन-तीन ठिकाणी असावे. पळणारी कोंबडी कोंडीत सापडेल असा बंद कोपरा नसावा. थोडी चोचाचोची होणारच, तीत पडू नये. रक्त दिसले मात्र क्षणाचाही विलंब न लावता जखमी पक्षी बाजूला काढावा, कारण तांबड्या डागावर सारा कळप तुटून पडतो. दोन नव्या कोंबड्या एकत्र सोडल्या तर मार वाटला जातो. कोंबडा असल्यावाचून अंडी मिळत नाहीत ही समजूत निराधार आहे. दाट वस्तीत तो न ठेवलेलाच बरा. कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही हे खरे, पण झाकलेले कोंबडेही आरवल्यावाचून राहत नाही. मंद प्रकाशात कोंडलेले कोंबडे शरीरातील घड्याळानुसार आरवतात, असे २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले आहे.

कळपात आल्यावरही एक-दोन आठवडे तिला खुराडे व त्याला जोडलेले जाळीचे आवार एवढ्यातच ठेवावे. त्या काळात हेच घर अशी तिची खूणगाठ पक्की होते. त्यानंतर प्रथम सूर्यास्तापूर्वी तासभर, पोट थोडे रिकामे असताना तिला मोकळे सोडावे. दाण्याच्या ओढीने आणि मावळत्या उजेडाने ती आपण होऊन परत येते. दररोज ही वेळ थोडी थोडी वाढवावी.

अंड्यांची घाई मात्र करू नये. भरपूर अंडी मिळविण्यासाठी व्यावसायिक लोक दिव्यांच्या साहाय्याने कोंबडीला चौदा ते सोळा तासांचा दिवस दाखवितात. बंगळुरात सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांचा भरत नाही. पिंजऱ्यातून आलेली कोंबडी या नैसर्गिक उजेडात पहिल्या काही आठवड्यांतच पिसे गाळू लागते आणि अंडी थांबवते. तिची मान व पाठ उघडी पडलेली पाहून पाळणारा धास्तावतो. परंतु हा रोग नव्हे. या दिवसांत तिला पिसांसाठी प्रथिने लागतात, म्हणून शिजविलेली डाळ किंवा सुक्या मासळीचा थोडा चुरा भरड्यात मिसळावा आणि नव्या पिसांची मुळे दुखरी असल्याने तिला हातात घेणे टाळावे. दोन-तीन महिन्यांत अंगभर नवी पिसे येतात, फिकट पडलेला तुरा पुन्हा लाल होऊ लागतो, आणि वीतभर उंचीची दांडी तेव्हा हातभर वर चढविता येते.