अंड्यांतील पिवळें कोठून येतें?

प्राणिशास्त्राच्या तासास आम्ही वर्गांत एक अंडें बशींत फोडून ठेवितों व विद्यार्थ्यांस विचारतों, "यांतील कोणत्या भागाचें पिलूं होतें?" बहुतेक हात वर होतात आणि उत्तर येतें, "पिवळ्या बलकाचें." उत्तर चुकीचें आहे, परंतु दोष केवळ मुलांचा नव्हे, कांहीं अंशीं आपल्या शब्दांचाही आहे. अंड्यांतील पिवळा भाग बलक आणि पांढराही बलकच! ज्या दोन पदार्थांचा उगम निराळा व कार्यही निराळें, त्यांस एकच नांव पडलें म्हणजे विचारांतही घोटाळा होतो. म्हणून या लेखांत पिवळ्या भागास आम्ही 'पीतक' हा शास्त्रीय ग्रंथांतील शब्द योजिला आहे.

बशींतील पीतक नीट न्याहाळलें असतां त्याच्या पृष्ठावर तीन-चार मिलिमीटर रुंदीचा एक फिकट ठिपका दिसतो. अंडें फलित झालेलें असल्यास पिलाचें शरीर या ठिपक्यापासून बनतें. पीतक हें पिलूं नव्हे. ती त्याची शिदोरी होय. तींत सुमारें निम्मा भाग पाणी, एकतृतीयांश स्निग्ध पदार्थ व एकषष्ठांश प्रथिनें असून शिवाय फॉस्फरस, लोह व जीवनसत्त्वें असतात. कवचाच्या आंत २१ दिवस कोंडलेल्या जीवास बाहेरून एक घांसही मिळत नाहीं. त्याचें पोषण मुख्यत्वें या शिदोरीवरच होतें. बाहेर पडण्यापूर्वीं उरलेलें पीतक तें आपल्या पोटांत ओढून घेतें. त्यामुळें नुकतेंच जन्मलेलें पिलूं एक-दोन दिवस दाणा न खातांही तग धरूं शकतें.

आतां ही शिदोरी बांधतो कोण? अंडीं घालणारी कोंबडी कापली असतां तिच्या पाठीच्या कण्याशीं, डाव्या बाजूस, लहानमोठ्या पिवळ्या गोळ्यांचा घोस दिसतो, हें पुष्कळांनीं स्वयंपाकघरांत पाहिलें असेल. हाच तिचा अंडाशय. सामान्यतः कोंबडीचा डावा अंडाशयच कार्य करितो. त्या घोसांतील प्रत्येक गोळी ही एकेक अंडपेशी होय. हें पाहून पीतक अंडाशयांतच तयार होत असावें असें वाटणें स्वाभाविक आहे. वस्तुतः तें मुख्यत्वें यकृतांत तयार होतें.

हा व्यवहार असा चालतो: अंडाशयांतून एस्ट्रोजन नांवाचें संप्रेरक रक्तांत उतरतें. त्याची सूचना मिळतांच यकृत दोन प्रकारचा माल तयार करूं लागतें. एक व्हिटेलोजेनिन नांवाचें प्रथिन, व दुसरा स्निग्ध पदार्थांचे अतिसूक्ष्म कण. हा माल रक्तावाटे अंडाशयाकडे जातो. अंडपेशीच्या पृष्ठावर त्यास ओळखून धरणारीं ग्राहक प्रथिनें असतात. त्यांच्या साहाय्यानें पेशी तो आंत ओढून घेते. आंत गेल्यावर व्हिटेलोजेनिनाचे तुकडे पडून लायपोव्हिटेलिन व फॉस्व्हिटिन हीं पीतकाचीं प्रथिनें बनतात. शेवटच्या आठ-दहा दिवसांत ही आवक इतकी वाढते कीं, एक ग्रॅमही न भरणारी गोळी सुमारें १८ ग्रॅमची होते. पीतकाचा पिवळा रंग मात्र यकृताचाही नव्हे. तो मका, हिरवा पाला इत्यादि खाद्यांतून येतो. कारण कोंबडी तें रंगद्रव्य स्वतः बनवूं शकत नाहीं.

पूर्ण भरलेली गोळी घोसांतून सुटून अंडवाहिनींत उतरते. तेथें तिच्याभोंवतीं पांढरा बलक व कवच चढून सुमारें एका दिवसांत अंडें बाहेर येतें. पांढऱ्याचा उगम निराळा म्हणतात तो असा.

ही रीति केवळ पक्ष्यांचीच नव्हे. १९५४ मध्यें विल्यम टेल्फर या अमेरिकन शास्त्रज्ञानें सेक्रोपिया नांवाच्या पतंगावर प्रयोग करून, मादीच्या रक्तांतील एक विशिष्ट प्रथिन अंड्यांत सांठविलें जातें असें दाखविलें. हा पतंग आपल्या भंडारा-गडचिरोलीकडील टसर पतंगाच्याच कुळांतला. कीटकांस यकृत नसतें. तें काम त्यांच्या शरीरांतील मेदपिंड करितो.

नरांच्या यकृतासही ही विद्या अवगत असते. त्यास फक्त सूचना मिळत नाहीं. कोंबड्यास एस्ट्रोजन टोचल्यास त्याच्याही रक्तांत व्हिटेलोजेनिन उतरतें. १९९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत, इंग्लंडमधील शुद्धीकरण केंद्रांतून नद्यांत सोडलेल्या सांडपाण्यांत पिंजऱ्यांत ठेविलेल्या नर ट्राउट माशांच्या रक्तांत हें प्रथिन आढळलें. त्या पाण्यांत एस्ट्रोजनासारखीं द्रव्यें होतीं, हें नर माशांच्या रक्तानेंच सांगितलें. नदी डोळ्यांस स्वच्छ दिसली म्हणजे ती निर्दोष असतेच असें नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

शब्दांविषयीं आणखी थोडें. लॅटिन भाषेंत पीतकास 'व्हिटेलस' म्हणतात, त्यावरून व्हिटेलोजेनिन, म्हणजे पीतक निर्माण करणारें. ग्रीक भाषेंत 'लेकिथोस'. त्यावरून लेसिथिन हें द्रव्याचें नांव निघालें. ज्या अंड्यांत पीतक एका टोकाकडे असतें तीं टेलोलेसिथल, उदाहरणार्थ बेडकाचीं. मध्यभागीं असतें तीं सेंट्रोलेसिथल, उदाहरणार्थ कीटकांचीं. आणि ज्यांत तें जवळजवळ नसतेंच तीं अलेसिथल, उदाहरणार्थ मनुष्याचीं. मूळ शब्द कळला म्हणजे अशीं नांवें घोकावीं लागत नाहींत.

मनुष्याच्या अंड्यास शिदोरी कां नाहीं? कारण गर्भास नाळेवाटे व जन्मानंतर दुधावाटे मातेकडून अन्न मिळतें. तथापि गर्भाबरोबर पीतककोश अद्यापि तयार होतो, आणि व्हिटेलोजेनिनाच्या निकामी झालेल्या जनुकांचे अवशेष आपल्या पेशींत सांपडतात, असें २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. अंडीं घालून पिलांस दूध पाजणाऱ्या प्लॅटिपसमध्यें मात्र असें एक जनुक अद्यापि कार्य करितें.

कोंबडी आपल्या पिलांस पंखांखालीं एकवटते, हा प्रभूचा दृष्टांत आपणां सर्वांस परिचित आहे. परंतु तिचें वात्सल्य पंख पसरण्यापूर्वींच सुरू झालेलें असतें. पिलाचा मागमूसही नसतां ती आपल्या रक्तांतून त्याच्यासाठीं अन्न सांठवीत असते. पुढील वेळीं बशींत अंडें फुटेल तेव्हां विद्यार्थ्यांनीं पिवळ्याकडे बोट दाखवून "हें पिलूं" असें न म्हणतां, "ही आईनें बांधून दिलेली शिदोरी" असें म्हणावें.