खसखशीएवढा पक्षी

बोटीवर उभं राहिलात आणि डोळे पाण्यापासून 3 मीटर उंच असले, तर क्षितिज साधारण सव्वासहा किलोमीटरवर असतं. म्हणजे भोवताली 120 चौरस किलोमीटर समुद्र दिसतो. दिसतो खरा, पण त्यात पक्षी दिसेलच असं नाही.

स्टॉर्म पेट्रेल हा समुद्रपक्षी सहसा वीतभरही लांब नसतो. न्यूझीलंडमधल्या जातीचं वजन 35 ग्रॅमच्या आसपास, कोंबडीच्या अंड्याहून कमी. 200 मीटरवर त्याने पंख पूर्ण पसरले तरी तो हात लांब करून चिमटीत धरलेल्या खसखशीच्या दाण्याएवढाच भासतो. त्यातून हा दाणा लाटेआड जातो, वर येतो, पुन्हा गडप होतो. पलीकडचं सोडून द्या, 200 मीटरचं वर्तुळच आपलं म्हणू. क्षेत्रफळ जेमतेम साडेबारा हेक्टर. ऑकलंडजवळच्या हौराकी आखाताचं सागरी उद्यान सुमारे 12 हजार चौरस किलोमीटरचं आहे. त्यात अशी 95 हजार वर्तुळं मावतात. (अरबी समुद्राचा हिशेब मांडून पाहिला, तर आकडा 3 कोटींवर गेला. मी कागद बाजूला ठेवला.)

न्यूझीलंडमधली ही जात जगाला माहीत होती ती 19 व्या शतकातल्या फक्त 3 नमुन्यांवरून, तेही युरोपातल्या संग्रहालयांत पेंढा भरून ठेवलेले. शंभराहून अधिक वर्षं कुणाला ती दिसली नव्हती, म्हणून ती नामशेष धरली गेली.

जानेवारी 2003 मध्ये कोरोमंडल द्वीपकल्पाजवळ बोटीवरच्या काही पक्षिनिरीक्षकांना एक स्टॉर्म पेट्रेल दिसला. (या द्वीपकल्पाला नाव मिळालं एका ब्रिटिश जहाजावरून, आणि त्या जहाजाला आपल्या पूर्व किनाऱ्यावरून.) आधी वाटलं, काळ्या पोटाच्या जातीचाच एखादा वेगळा पक्षी असावा. पण फोटोत पांढऱ्या पोटावर काळसर रेघा होत्या, आणि त्या जातीत अशा रेघा नसतात. मग त्या 3 जुन्या नमुन्यांची आठवण झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बॉब फ्लड आणि ब्रायन थॉमस या पक्षिनिरीक्षकांनी हौराकी आखातात अनेक पक्ष्यांचे फोटो काढले आणि शंका फिटत गेली. माझ्या मते इथे नजरेपेक्षा कॅमेऱ्याचं श्रेय मोठं. हलत्या डेकवरून पोटावरच्या रेघा मोजायला खसखस थांबत नाही.

तरी प्रश्न उरलाच, हे पक्षी अंडी कुठे घालतात? ते शोधायला संशोधकांनी माशांचा चारा टाकून पक्ष्यांना बोटीजवळ आणलं आणि जाळं फेकणाऱ्या बंदुकीने धरलं. पाठीवर 1 ग्रॅमच्या आसपासचे रेडिओ ट्रान्समीटर चिकटवले. 35 ग्रॅमच्या जिवाला तेही ओझंच, 70 किलोच्या माणसाने 2 किलोची पिशवी वागवावी तसं.

फेब्रुवारी 2013 मध्ये उत्तर मिळालं. हौतुरू, म्हणजेच लिटल बॅरिअर बेट. आकार 28 चौरस किलोमीटर, मधला डोंगर 722 मीटर उंच. तिथली मांजरं 1980 मध्ये आणि उंदीर 2004 मध्ये हटवले होते. हे पक्षी घरट्यावर येतात ते रात्रीच्या अंधारात, जंगलात जमिनीखालच्या बिळांत, आणि हंगामाला अंडं एकच. 15 लाख वस्तीच्या ऑकलंडपासून हे बेट जेमतेम 80 किलोमीटरवर आहे, मुंबईहून खोपोलीला जायला लागतं तेवढंच.