अंग चोरतो की जागा राखतो?

मेलबर्नमध्ये निक डेकॉसबद्दल मत नसलेला माणूस शोधून काढावा लागेल. कॉलिंगवूड क्लबचा हा मिडफिल्डर 2003 सालचा जन्म. वडील पीटर डेकॉस याच क्लबचे नामांकित खेळाडू, आणि पोराच्या पाठीवर नंबरही वडिलांचाच, 35. 2022 च्या पहिल्याच हंगामात त्याला ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा, म्हणजे एएफएलचा, सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार मिळाला. 2024 मध्ये हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ब्राउनलो पदकाच्या मतमोजणीत त्याला 38 मतं पडली. तोवरचा विक्रम 36 चा होता. तरी पदक हुकलं, कारण कार्लटनचा पॅट्रिक क्रिप्स त्याच रात्री 45 वर गेला.

एवढं असूनही त्याच्या नावापुढे एक शेरा ठरलेला: चेंडू आपल्याकडे आहे तोवर राजा, गेला की प्रेक्षक. चाहत्यांत यावरून दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरगा बचावात अंग चोरतो. दुसरा म्हणतो, ज्याच्या पायात सोनं आहे त्याला धुणीभांडी कशाला सांगता? हा वाद एकट्या डेकॉसचा नाही. हुशार, देखणं खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मिडफिल्डरच्या वाट्याला तो येतो. माझ्या मते टीकाकारांचा प्रश्न रास्त आहे, पण ते जे पुरावे मांडतात ते बहुतेक कच्चे आहेत. आणि समर्थकांची उत्तरं तर त्याहून कच्ची.

आधी खेळाची ओळख. अजिंक्य रहाणेने डिसेंबर 2020 मध्ये ज्या मैदानावर 112 धावा केल्या, त्याच एमसीजीवर हिवाळ्यात हा खेळ चालतो. तो जन्मलाही क्रिकेटच्याच घरात. टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 मध्ये पत्र लिहून सुचवलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं शरीर गंजू नये म्हणून फुटबॉल क्लब काढा. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहून काढले गेले. लंबगोल मैदान, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू, गोलचे सहा गुण. चेंडू लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून द्यायचा (म्हणजे हँडबॉल), फेकायचा नाही. आणि ऑफसाइड नाही. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा. ऑफसाइड नसल्यामुळे प्रतिस्पर्धी तुमच्या पुढे, मागे, बाजूला कुठेही उभा असू शकतो आणि चेंडू कुठूनही कुठेही जाऊ शकतो. म्हणून या खेळात बचाव म्हणजे कुणाला तरी पाडणं एवढंच नसतं. तुम्ही कुठे उभे आहात, हा त्याचा मोठा भाग.

"टॅकल बघा त्याचे! दोनच?"

सामना संपला की सगळ्यात आधी हा आकडा तोंडावर फेकला जातो. लीगमध्ये किक आणि हँडबॉल मोजायला 1965 पासून सुरुवात झाली, टॅकल 1987 पासून. म्हणजे आकडा जुना, ओळखीचा आणि फसवा.

टॅकल मोजला जातो तो प्रतिस्पर्ध्याच्या हातात चेंडू असताना त्याला धरलं आणि त्यामुळे त्याला तो नीट पुढे देता आला नाही तरच. यातून तीन गोष्टी निघतात. एक, तुमचा संघ सतत चेंडू खेळवत असेल तर टॅकल करायला प्रतिस्पर्ध्याच्या हातात चेंडू यायला तरी हवा. दोन, पावसातल्या चिखलात, जिथे दर मिनिटाला खेळाडूंचा गठ्ठा जमतो, तिथे सगळ्यांचेच टॅकल वाढतात. आणि तिसरी गोष्ट चाहत्यांच्या गावीही नसते: जो मिडफिल्डर वेळेवर योग्य जागी पोचतो, त्याच्याकडे बघून प्रतिस्पर्धी चेंडू त्या दिशेला मारतच नाही. त्या न झालेल्या पासची नोंद कुठल्याही तक्त्यात होत नाही. क्रिकेटमध्ये थ्रोच्या मागे बॅकअपला धावणाऱ्या फील्डरचं नाव स्कोअरकार्डात कधी वाचलंय?

लीगची आकडेवारी ठेवणाऱ्या चॅम्पियन डेटाला हे ठाऊक आहे, म्हणून त्यांनी 'प्रेशर' मोजायची पद्धत बसवली. प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला भिडून दिलेल्या दबावाला 3.75 गुण, अंतर कापत त्याच्यावर धावून जाण्याला 2.25, मागून पाठलागाला 1.5, आणि समोर उभं राहून वाट अडवण्याला 1.2. टॅकलपेक्षा हे कितीतरी बरं. पण इथेही चेंडूवाल्याच्या आसपास जे घडतं तेच मोजलं जातं. चेंडूपासून साठ मीटरवर मोकळ्या माणसाला गाठायला धावणारा यातही अदृश्यच राहतो.

"आळशी आहे, चालतो!"

चालतो, खरंच चालतो. सगळेच चालतात. एएफएलचा मिडफिल्डर एका सामन्यात साधारण 12 ते 15 किलोमीटर पळतो, त्यात पूर्ण ताकदीचे छोटे छोटे स्फोट वेगळेच. पूर्वी दमला की बेंचवर जाऊन बसायची सोय मुबलक होती. मग लीगने एका सामन्यातल्या बदलांवर मर्यादा घातली: 2014 मध्ये प्रत्येक संघाला 120, 2016 मध्ये 90, 2021 पासून 75. बेंचवरची विश्रांती कमी झाली, म्हणून ती मैदानावरच चोरावी लागते. मिडफिल्डरला काही मिनिटं गोलच्या तोंडाशी फॉरवर्ड म्हणून ठेवतात, ते गोलसाठी आणि श्वासासाठीही. तेव्हा तो चालताना दिसला म्हणून 'पाट्या टाकतोय' म्हणणं घाईचं.

पण समर्थकांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. 'अहो, तो चौदा किलोमीटर पळाला' हे उत्तरही तितकंच पोकळ. जीपीएस अंतर सांगतं, ते कुठल्या दिशेने कापलं हे एकूण आकड्यात दिसत नाही. चेंडू आपल्याकडे असताना पुढे पळायला कुणालाही आवडतं. चेंडू गेल्यावर, फुप्फुसं पेटलेली असताना, वळून आपल्या गोलकडे पळणं ही वेगळीच मेहनत. तिकडच्या चाहत्यांनी पुढेच पळणाऱ्यांना 'डाउनहिल स्कीअर' अशी शिवी ठेवली आहे. ती कुणाला लागू पडते हे किलोमीटरवरून ठरत नाही.

आता जिथे हा वाद खरोखर तपासता येतो तिथे जाऊ. सामन्याच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर पंच मैदानाच्या मध्यात चेंडू हवेत उडवतो. 2019 पासून नियम असा, की त्या क्षणी दोन्ही टोकांच्या, गोलसमोर आखलेल्या पन्नास मीटरच्या कमानींत प्रत्येक संघाचे सहा-सहा खेळाडू असले पाहिजेत. उरलेल्या सहांपैकी दोघे विंगवर आणि मधल्या चौकोनात चौघं: चेंडूला उडी मारून टोलवणारा उंच रक आणि तीन मिडफिल्डर. मागे जादा माणूस ठेवायची सोयच नाही.

या तिघांपैकी एकाकडे बघा. चेंडू वर गेलाय. आपला रक तो टोलवून आपल्या बाजूला देईल असा अंदाज बांधून तो दोन पावलं आधीच गोलच्या दिशेला सरकतो. अंदाज बरोबर आला तर तो पळत्या पायाने चेंडू घेतो, मागे कुणी नसतं, आणि पन्नास मीटरची किक थेट कमानीत. स्टँड उठून उभा राहतो. अंदाज चुकला तर नेमका याचाच माणूस चेंडू घेऊन मोकळा सुटतो. एक हँडबॉल, एक किक, आणि चेंडू आपल्या गोलसमोर, जिथे सहाला सहा जुंपलेले आहेत आणि मदतीला कुणी पोचू शकत नाही. गोल बसला की पडद्यावर दिसतो तो मागचा बचावपटू, ज्याच्या डोक्यावरून चेंडू पकडला गेला. दोन पावलं आधी सरकलेला मिडफिल्डर तोवर परत मध्यावर जाऊन उभाही राहिलेला असतो.

जबाबदारीचा प्रश्न इथे आहे. हुशार मिडफिल्डर हा जुगार खेळणारच, त्यासाठीच तर त्याला तिथे ठेवलंय. पण तिघांपैकी एकाने चेंडू आणि आपला गोल यांच्या मधली बाजू धरायची असते. ती बाजू कुणाची, हे आधी ठरलेलं असतं. ठरलेल्या माणसाने ती सोडली तर तो दोषी. दुसऱ्याने धरायची होती आणि त्याने सोडली, तर शिव्या मात्र बहुतेक वेळा नावाजलेल्यालाच बसतात.

"पूर्वी प्रत्येकाला आपला माणूस असायचा"

ही जुन्या जाणत्यांची तक्रार. त्यात तथ्य इतकंच, की माणसाला माणूस लावण्याची पद्धत पूर्वी ठळक होती आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम मिडफिल्डरला सावलीसारखा चिकटणारा 'टॅगर' हा मानाचा पेशा होता. जिलाँगचा कॅमेरॉन लिंग हे त्यातलं मोठं नाव. 2011 चं विजेतेपद त्याच्याच कप्तानीखाली आलं आणि तो अंतिम सामनाच त्याचा शेवटचा. पण जागा भरून टाकायचं तंत्रही आजचं नाही. 2000 मध्ये टेरी वॉलेसच्या वेस्टर्न बुलडॉग्जने आपले बहुतेक खेळाडू मागे ओतून एसेंडनला हरवलं. त्या अख्ख्या हंगामात एसेंडन हरला तो एवढा एकच सामना. 2008 मध्ये हॉथॉर्न आणि 2010 मध्ये कॉलिंगवूड विजेते ठरले तेही संपूर्ण संघाने मिळून मैदान आवळून धरल्यामुळे. आज मिडफिल्डर माणसाबरोबर पट्टाही राखतो. म्हणून स्टँडमधून 'अरे, तुझा माणूस सुटला!' असं ओरडणाऱ्याला, तो माणूस त्या क्षणी दुसऱ्याच्या पट्ट्यात गेलाय हे कळायला मार्ग नसतो.

टॅगर संपले नाहीत, हे डेकॉसने स्वतः अनुभवलंय. ऑगस्ट 2023 मध्ये कॉलिंगवूड गुणतक्त्यात अव्वल होता. हॉथॉर्नने फिन मॅगिनेसला त्याच्यावर सोडलं. एरवी सामन्याला तीसच्या घरात किक-हँडबॉल करणाऱ्या डेकॉसला त्या दिवशी पाच मिळाले आणि हॉथॉर्न जिंकला. त्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला मार लागला होता, त्यामुळे सगळं श्रेय मॅगिनेसला देणं बरोबर नाही. डेकॉस त्यानंतर परतला थेट प्रिलिमिनरी फायनलला, म्हणजे अंतिम सामन्याआधीच्या फेरीला, आणि मग ब्रिस्बेनवर चार गुणांनी मिळवलेल्या विजेतेपदात होता.

समर्थक या प्रसंगाचा अर्थ असा लावतात: ज्याला थोपवायला अख्खा एक माणूस खर्च करावा लागतो, तो उभा राहूनच प्रतिस्पर्ध्याचं आक्रमण एकाने कमी करतो. हे खरं आहे, आणि दुर्लक्षित आहे. पण यापुढची उडी, म्हणजे 'चेंडू जिंकणं हाच त्याचा बचाव', ती मला पटत नाही. टॉम मिचेलने 2018 च्या पहिल्या फेरीत कॉलिंगवूडविरुद्ध 54 वेळा चेंडू खेळवला, तो विक्रमच आहे. तरी सामन्यातल्या इतर शेकडो वेळी चेंडू दुसऱ्या कुणाकडे तरी होताच. शिवाय आज मध्यावरच्या झुंजीपेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या चुकीतून हिसकावलेल्या चेंडूवर जास्त गुण होतात. आपला संघ पुढे निघालेला, मिडफिल्डर सगळ्यात पुढे, आणि तेवढ्यात पास चुकतो. त्या क्षणी सर्वांत जास्त उघडी पडते ती याच गड्याने सोडलेली जागा.

मग ती कोण भरतं? काही संघ त्याची आधीच तजवीज करतात. डस्टिन मार्टिनने 2017 मध्ये ब्राउनलो, विजेतेपद आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू हे तिन्ही मान एकाच वर्षी घेतले. त्याच्या रिचमंड संघात पुढच्या फळीत उंच असा खरा एकटा जॅक रीवोल्ट. बाकी रिओली, बटलर, कास्तान्या अशी चपळ, प्रतिस्पर्ध्याला श्वास न घेऊ देणारी पोरं. मार्टिनसारख्याला मोकळं सोडण्याची किंमत दुसरे कुणीतरी पायांनी चुकवत होते, आणि सगळ्या संघाला ती मान्य होती. अशी सवलत कमवावी लागते, आणि ती संघाच्या बांधणीत बसावी लागते. जिथे बसत नाही तिथे तोच खेळाडू तसाच खेळला तरी चाहत्यांचा राग खरा असतो.

"ब्राउनलोची मतं काय खोटी?"

खोटी नाहीत, पण ती या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे पंच तिघा खेळाडूंना 3, 2, 1 अशी मतं देतात. पंचांचं काम चेंडूच्या जवळ राहणं, तेव्हा चेंडूजवळचे खेळाडू त्यांच्या नजरेत भरतात. प्रशिक्षक संघटनेचा वेगळा पुरस्कार आहे. त्यात दोन्ही संघांचे प्रशिक्षक 5-4-3-2-1 अशी मतं देतात. बचावाची चर्चा करायची तर मला तो कौल जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यातली निम्मी मतं ज्याने आठवडाभर त्या खेळाडूत भोकं शोधली त्या माणसाची असतात.

प्रशिक्षकांकडे आणखी एक गोष्ट असते जी घरी बसून सामना बघणाऱ्याकडे नसते: गोलच्या मागून, उंचावरून घेतलेलं चित्रण. त्यात छत्तीसच्या छत्तीस माणसं एकदम दिसतात. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि चेंडू गेल्यावर मिडफिल्डरने काय केलं ते नेमकं चौकटीबाहेर घडतं. एका क्लोज-अपवरून, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पोराचा निकाल लावणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

मैदानावर प्रत्यक्ष जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. मेलबर्नमध्ये आता मराठी घरांतलीही पोरं शाळेत 'तुझा क्लब कोणता?' या प्रश्नाला उत्तर देत वाढतात, आणि आईबाबांना स्टँडपर्यंत ओढून नेतात. तिथे वरच्या मजल्यावरचं स्वस्त तिकीट या कामाला उत्तम. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की तो बघायचा नाही, फक्त आपल्या माणसाकडे बघायचं. पहिली तीन पावलं कुठल्या दिशेला पडतात? मध्यावरच्या झुंजीत तो आपल्या गोलच्या बाजूला किती वेळा असतो? आणि चौथ्या क्वार्टरमध्ये, संघ दोन गोलने मागे असताना, पहिल्या क्वार्टरसारखाच वळतो का? चारपाच सामने असं बघून कुणी डेकॉसला नावं ठेवली, तर मी ऐकून घेईन. सोमवारी सकाळी दोन टॅकलचा आकडा घेऊन येणाऱ्याचं नाही.