प्रथिनाच्या पोटातले पाणी

परीक्षेच्या दिवसांत रात्री डोळे मिटू लागले, की आपण कपभर चहा घेतो आणि झोप पळते. ती पळवतो चहातील कॅफीनचा रेणू. त्याला हे साधते कसे?

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. मेंदूतील काही पेशींच्या पटलात ए-२ए नावाची ग्राही प्रथिने रोवलेली असतात. ॲडेनोसिन बाहेरून त्यांच्या खाचेत बसले, की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि पेशीच्या आत संदेश पोचतो : आता विश्रांती! कॅफीन त्याच खाचेत जाऊन बसते, पण प्रथिनाला जागे करीत नाही. जागा अडल्यामुळे ॲडेनोसिन बाहेरच ताटकळते.

आता गंमत पाहा. पेशीपटलाचा गाभा तेलकट असतो. तो पाण्याला जवळ करीत नाही. मग त्यात रोवलेले प्रथिन आतून कोरडे ठणठणीत असेल का? २०१२ साली शास्त्रज्ञांनी या प्रथिनाचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याची रचना १.८ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने तपासली. प्रथिनाच्या पोटात पाण्याचे ५७ रेणू ठरावीक जागी बसलेले आढळले! त्यांच्या मधल्या पुंजक्यात सोडियमचा एक आयनही होता.

पाण्याचा तेथे उपयोग काय? पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूस थोडा ऋण, तर हायड्रोजनच्या बाजूस थोडा धन विद्युत्भार असतो. म्हणून तो शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध जोडतो. रेणूच्या आतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या मानाने हा बंध सुमारे विसाव्या हिश्श्याइतकाच बळकट. म्हणजे प्रथिनाचे भाग सांधून ठेवील असा, पण वेळ येताच सुटू शकेल असा!

ॲडेनोसिन खाचेत बसले, की पटलाच्या आरपार गेलेले प्रथिनाचे सात सर्पिल खांब सरकतात. सोडियमची पोकळी सुमारे २०० घन अँगस्ट्रॉमवरून ७० पर्यंत आकसते. त्यात सोडियम मावत नाही. पाण्याचे रेणू जुने बंध सोडून नवे जोडतात, आणि प्रथिन नव्या आकारात स्थिरावते.

औषधे शोधणाऱ्यांना हा हिशेब ठेवावाच लागतो. औषधाचा रेणू खाचेत शिरताना तेथील पाण्याला हुसकावतो. कोणता रेणू सहज निघेल आणि कोणता घट्ट धरलेला आहे, यावर औषधाची पकड बरीचशी अवलंबून असते. कंपवातावरील इस्ट्राडेफायलिन हे औषध याच ए-२ए प्रथिनाची खाच अडवते.

तेव्हा पुस्तकात प्रथिनाची कोरडी आकृती दिसली, तर तिच्यातल्या पाण्याची आठवण अवश्य ठेवा.